फॉरमॅट मारण्याची घाई करू नका!

मागील उन्हाळ्यात एके सकाळी सात वाजता शेजारच्या वस्तीतील बुद्धविहार बांधकाम समितीचा खजिनदार माझ्या दारात येऊन उभा राहिला. वय पन्नाशीच्या पुढे, शाळेत शिपाई. आयुष्यात कुणाचे चार आणे बुडविले नाहीत असा माणूस. हातात मोबाईल होता आणि आवाज कापत होता. "जयभीम वकीलसाहेब. माझ्यावर चोरीचा आळ आलाय." बांधकाम निधीच्या खात्यातून मध्यरात्री दोन ते अडीचच्या दरम्यान, तीन वेळा मिळून, पावणेदोन लाख रुपये निघून गेले होते. समिती अद्याप नोंदणीकृत नसल्याने खाते सोयीसाठी त्याच्या एकट्याच्या नावावर उघडलेले. (ही सोय आपल्याकडे गावोगाव चालते आणि ती एक दिवस कुणाला तरी महागात पडते, हे मी किती वर्षे सांगतो आहे!) बँकेला दिलेला मोबाईल क्रमांक त्याचा, ओटीपी आला तो त्याच्याच फोनवर. पैसे गेल्याचे त्याला कळले तेही तीन दिवसांनी, पासबुक भरून घेताना. आणि नेमके त्याच महिन्यात त्याच्या मुलीचे लग्न ठरलेले. मग वस्तीत कुजबूज व्हायला किती वेळ लागणार?

मी म्हटले, फोन दाखवा. पाहतो तर फोन अगदी कोरा. ना एक संदेश, ना एक फोटो. विचारल्यावर कळले की, पैसे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन फार गरम होत होता, मधेच बंद पडत होता, म्हणून हे गृहस्थ तो चौकातील दुकानात घेऊन गेले. दुकानातील मुलगा म्हणाला, काका, व्हायरस आहे. त्याने तीनशे रुपये घेतले आणि फॉरमॅट मारून दिला. म्हणजे आपण निर्दोष आहोत हे सांगू शकणारा जो एकमेव साक्षीदार होता, त्याची जीभ या माणसाने स्वतःच्या खिशातील पैसे देऊन कापून घेतली होती!

वाचकहो, प्रस्तुत लेखक काही संगणक अभियंता नाही. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच पक्षकारांमागे एकाच्या प्रकरणात मोबाईल हा कुठे ना कुठे असतोच. कुणाचे पैसे गेलेले असतात, कुणा भगिनीचे खासगी फोटो नवऱ्याने पळविलेले असतात, तर कुणा कार्यकर्त्याला खात्री असते की सरकार आपला फोन ऐकते आहे. त्यामुळे हे शास्त्र थोडेफार शिकणे मला भागच पडले. जे शिकलो ते आज सांगतो.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. फोन गरम झाला, बॅटरी लवकर उतरली, फोन अडकू लागला म्हणजे त्यात हेर शिरला असे नव्हे. दहापैकी आठ वेळा कारण साधे असते. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. दोन-तीन वर्षांत तिची ताकद कमी होते. जेथे नेटवर्क क्षीण असते तेथे टॉवरशी संपर्क टिकविण्यासाठी फोनला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून गावी गेल्यावर तोच फोन अर्ध्या दिवसात उतरतो. साठवणीची जागा गच्च भरली की फोन अडकतो, आणि ती जागा भरली कशाने हे पाहिले तर निम्मी सुप्रभातच्या चित्रांनी आणि जयंतीच्या मिरवणुकीच्या चित्रफितींनी! व्हॉट्सॲपमध्ये फोटो व चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा, जुने काढून टाका, आठवड्यातून एकदा फोन बंद करून पुन्हा सुरू करा आणि कंपनीकडून आलेले अपडेट टाळू नका. एवढ्याने बहुतेक दुखणी थांबतात. मात्र फोनची पाठ फुगलेली दिसली, पडदा एका बाजूने उचलला गेला, तर तो व्हायरस नाही, बॅटरी फुगलेली आहे. तो फोन चार्जिंगला लावू नका, उशाशी ठेवू नका, थेट दुरुस्तीला न्या. तेथे धोका चोरीचा नसून आगीचा आहे.

मग खरी लक्षणे कोणती? सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी आणि डेटा कोणते ॲप किती खाते ते पाहा. जे ॲप तुम्ही कधी घेतल्याचे आठवत नाही, ज्याला नाव नाही किंवा चित्र नाही, ते रात्रभर डेटा वापरत असेल तर संशय घ्या. ॲन्ड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून आणि आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीपासून माईक अथवा कॅमेरा चालू असताना पडद्याच्या वरच्या बाजूला हिरवा किंवा नारिंगी ठिपका दिसतो. तुम्ही कुणाशी बोलत नाही, फोटो काढत नाही आणि तरीही ठिपका दिसतो, तर कोणते ॲप माईक वापरते आहे ते लगेच पाहा. गुगलचे 'प्ले प्रोटेक्ट' तुम्ही बंद केलेले नसताना बंद आढळले, बँकेचे संदेश येईनासे झाले, तुमच्या क्रमांकावरून नातेवाइकांना तुम्ही न पाठविलेली फाईल गेली, तर मात्र विलंब नको. विशेषतः शेवटचे लक्षण. कुणी फोन करून "अहो, तुम्ही हे काय पाठवलंय?" असे विचारले तर हसून सोडून देऊ नका.

ही फाईल म्हणजे काय? ॲन्ड्रॉइड फोनवर ॲप बसविण्याच्या फाईलच्या नावाचे शेवटचे तीन अक्षर एपीके असे असतात. फोटोच्या किंवा छापील पत्रिकेच्या फाईलचे कधीही नसतात. चोर ती फाईल लग्नपत्रिका म्हणून पाठवितात, वाहतूक दंडाची पावती म्हणून पाठवितात, सरकारी योजनेचा अर्ज म्हणून पाठवितात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर असेच लग्नाचे निमंत्रण आले, त्याने ते उघडले आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याचे प्रसिद्ध झाले. आता सांगा, लग्नाचे निमंत्रण कोण उघडणार नाही? आपल्या समाजात पत्रिका आली आणि पाहिली नाही असे म्हटले तर सोयरे वर्षभर बोलत नाहीत! चोराला हे ठाऊक आहे. एकदा ते ॲप बसले की ते संदेश वाचण्याची परवानगी मागते आणि आपण न वाचता 'अलाऊ' दाबतो. मग ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो, काही ॲप तो संदेश आपल्याला दिसूही देत नाहीत. याहून घातक परवानगी आहे 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची. ही सोय मुळात अंध व अपंग बांधवांसाठी केलेली. ती ज्या ॲपला मिळते त्याला पडद्यावरचे सर्व काही वाचता येते आणि आपल्या वतीने बटणही दाबता येते. सेटिंगमध्ये हा शब्द शोधा आणि तेथे अनोळखी नाव दिसले तर परवानगी काढून घ्या. तसेच 'डिव्हाइस ॲडमिन' या यादीत कोण बसले आहे तेही पाहा. तेथे बसलेले ॲप आधी पदच्युत केल्याशिवाय काढता येत नाही.

ही झाली दुरून येणारी चोरी. दुसरी घरातून होते, तिच्याबद्दल आपण बोलत नाही. माझ्याकडे आलेल्या एका भगिनीची तक्रार अशी होती की, ती माहेरी आईशी काय बोलते, वकिलाकडे केव्हा जाते, हे सर्व नवऱ्याला आधीच ठाऊक असते. तिला वाटले, शेजारीण सांगते. फोन पाहिला तर व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस' या जागी एक संगणक जोडलेला होता. तो नवऱ्याच्या कार्यालयातील. फोन हातात असताना ते जोडायला मिनिटही लागत नाही. येथे कोणताही व्हायरस नाही, कोणताही परदेशी हेर नाही. फोन पाच मिनिटे दुसऱ्याच्या हातात होता, एवढेच. तेव्हा ही जागा आजच उघडून पाहा, गुगल खात्यातही कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत ते पाहा, कॉल फॉरवर्डिंग आणि लोकेशन शेअरिंग पाहा. पण भगिनींनो, एक वकिली सल्ला. ज्या घरात मारहाण होते तेथे असे काही सापडल्यावर लगेच काढून टाकू नका. काढल्याबरोबर त्याला कळते की तुम्हाला कळले. आधी दुसऱ्या फोनने त्याचे फोटो काढा, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, सुरक्षित ठिकाणी पोहोचा, मग काढा. परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनमधील माहिती काढणे किंवा त्यात असे काही घुसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ चा भंग आहे, आणि ते लबाडीने केले तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवरा असल्याने त्यातून सूट मिळत नाही.

आता तिसरा प्रकार, ज्याची आपल्या कार्यकर्त्यांत सर्वाधिक चर्चा असते. फोनमध्ये खरखर झाली, स्टार-हॅश-२१-हॅश दाबल्यावर काही आकडे दिसले, की "माझा फोन टॅप होतोय" असे सभेत छाती पुढे काढून सांगणारे मी पाहिले आहेत. (काहींना त्याचा थोडा अभिमानही वाटतो, हे मी प्रेमाने नमूद करतो.) तो आकडा फक्त कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळविलेले आहेत की नाहीत एवढेच सांगतो. सरकारी टॅपिंग तुमच्या फोनमध्ये होतच नाही, ते दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत होते. त्याची ना खरखर होते, ना कोणता आकडा ते दाखवितो. त्याला आळा घालायचा तो कायद्याने. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये टॅपिंगवर बंधने घातली, गृह सचिवांचा लेखी आदेश आणि त्याचे पुनर्विलोकन आवश्यक केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. परंतु त्यानंतर २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने दहा यंत्रणांना संगणकातील माहिती पाहण्याचे अधिकार देणारा आदेश काढला, आणि आदेश तपासणारेही सचिवच! ज्याच्या हाती काठी त्याच्याच हाती तराजू असेल तर न्याय कोणत्या बाजूला झुकणार?

फोनच्या आत शिरणारी हेरगिरी निराळी. इस्रायलमधील एनएसओ या कंपनीचे पेगासस २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून सुमारे १४०० फोनमध्ये सोडले गेले. कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. भारतात ज्यांना व्हॉट्सॲपने तशी सूचना दिली त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते, नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. म्हणजे दलित-आदिवासींच्या बाजूने बोलणारे व लढणारे लोक. २०२१ च्या जुलैमध्ये पेगाससचे प्रकरण जगभर गाजल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. तिने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाच फोनमध्ये घातक प्रणाली आढळली, पण ती पेगाससच असल्याचे ठरविता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे २५ ऑगस्ट २०२२ रोजी खुल्या न्यायालयात सांगण्यात आले. या पातळीचा हेर फोन गरम करीत नाही, बॅटरी खात नाही, चिन्ह सोडत नाही. तेव्हा लक्षण दिसले म्हणून पेगासस म्हणू नका, आणि लक्षण नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. ज्यांना खरोखर धोका आहे अशा वकील-पत्रकार-कार्यकर्त्यांनी आयफोन असेल तर 'लॉकडाऊन मोड' चालू करावा, अपडेट वेळेवर घ्यावे, आणि ॲपलकडून किंवा व्हॉट्सॲपकडून धोक्याची सूचना आली तर ती पुसू नये.

पुसू नये, हाच माझ्या सांगण्याचा गाभा आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण भीमा कोरेगाव-एल्गार परिषद खटल्यात आहे. रोना विल्सन यांचा संगणक पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये जप्त केला. त्याची प्रत बचाव पक्षाला मिळाली आणि अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने ती तपासली. २०२१ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये एका ई-मेलमधून 'नेटवायर' नावाची प्रणाली त्या संगणकात शिरली होती आणि आक्षेपार्ह पत्रे एका लपविलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवण्यात आली होती. पुढे विल्सन यांच्या आयफोनवर पेगाससच्या खुणा सापडल्या, त्या संगणकावर राहून गेलेल्या फोनच्या जुन्या बॅकअपमधून! हे निष्कर्ष बचाव पक्षाच्या तज्ज्ञांचे आहेत, तपास यंत्रणेला ते मान्य नाहीत, आणि खटल्यात त्यांची तपासणी व्हायची आहे, हे वकील म्हणून मी स्पष्टपणे सांगतो. परंतु प्रश्न विचारता तरी येतो आहे तो का? कारण डिस्कची प्रत आणि ते बॅकअप शिल्लक राहिले. कुणी तरी 'व्हायरस आहे' म्हणून मधेच सर्व साफ करून दिले असते तर आज बोलायला काय उरले असते?

म्हणून पैसे गेले, फोन घुसखोराच्या ताब्यात गेला असे वाटले तर क्रम असा ठेवा. फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद करा. फोन बंद मात्र करू नका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि पहिल्या काही तासांत तो वाटेत अडविता येतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व असे की, ग्राहकाने बँकेला कळविल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेचे. म्हणजे तुमच्या कळविण्याच्या वेळेला किंमत आहे. तक्रार क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवा. मग दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढा. ती फाईल कुणाकडून केव्हा आली, परवानग्यांच्या यादीत काय आहे, कोणते संदेश आले, सगळ्याचे. सर्व पासवर्ड बदलायचे ते स्वच्छ फोनवरूनच. पोलिसांनी हद्दीचे कारण सांगितले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चे नाव घ्या, गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदविता येते. पोलिसांना फोन देताना पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात हॅश मूल्य लिहिले आहे का ते पाहा. हॅश म्हणजे त्या साठवणीचा बोटाचा ठसा समजा. आत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते त्यातही हा ठसा नोंदवावा लागतो. हे सर्व झाल्यावर, पोलिसांनी प्रत घेतल्यावर, मग खुशाल फॉरमॅट मारा.

आमच्या खजिनदाराचे काय झाले? त्याचा फोन मुका झाला होता, पण बाकीच्यांचे नव्हते. मी समितीच्या सदस्यांना विहारात बोलावले आणि सर्वांना व्हॉट्सॲप उघडायला लावले. चौघांच्या फोनमध्ये त्याच्याच क्रमांकावरून, एकाच रात्री, पैसे निघण्याच्या काही मिनिटे आधी एकच 'लग्नपत्रिका' आलेली होती. ज्यांनी त्याच्यावर सर्वाधिक संशय घेतला त्यांतील एकाच्या फोनमध्येही ती होती, त्याने पाहिलीच नव्हती. माणूस मध्यरात्री एकाच वेळी चौघांना पत्रिका कशाला वाटेल, आणि तीही मुलीच्या नावाची नसलेली? त्या चारही फोनचे फोटो, कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि बँकेच्या नोंदी जोडून तक्रार दिली. पैसे परराज्यातील दोन खात्यांत गेले होते. एका खात्यात साठेक हजार अडकून पडले होते, ते सोडवून घेण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेला अर्ज मंजूर झाला. बाकीचे गेले ते गेले.

त्यानंतरच्या रविवारी समितीची बैठक झाली. खजिनदाराने राजीनामा लिहून आणला होता, तो कुणी घेतला नाही. समितीची नोंदणी आता झाली आहे, खाते समितीच्या नावावर आणि दोघांच्या सह्यांचे आहे. बँकेला दिलेला क्रमांक एका साध्या बटणांच्या फोनमध्ये आहे, ज्यात व्हॉट्सॲपही नाही आणि इंटरनेटही नाही. तो फोन खजिनदाराच्या घरी, पावतीपुस्तकांच्या पेटीत ठेवलेला असतो.